पोरगी ऐकत नाही? आधी घर सांभाळा, मग शिस्त लावा

"तीन वर्षांची आहे, पण एक शब्द ऐकत नाही. 'शेगडीजवळ जाऊ नको' म्हटलं की मुद्दाम जाते. मारलं तर उलट हसते."

विहारातली महिलांची बैठक संपली की अशी तक्रार घेऊन एखादी आई आमच्याजवळ थांबतेच. बाजूला बसलेल्या आजी लगेच सांगतात, "एक धपाटा दे जोरात, सरळ होईल." आई गप्प बसते. कारण धपाटा तिने कालच दिलेला असतो, आणि आज मुलगी पुन्हा शेगडीपाशी गेलेली असते.

मुलीचा हट्ट आणि घरातला धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकत्र करतो आणि दोन्हींवर एकच औषध लावतो, मार. म्हणून या वेळी दोन्हींचा वेगवेगळा विचार करू.

हट्ट हा आजार नाही

साधारण दीड ते चार वर्षांच्या वयात मूल सारखं "नाही", "मी करणार", "माझं" म्हणू लागतं. आपण आईपेक्षा वेगळं माणूस आहोत, हे त्याला कळायला लागलेलं असतं. मनाला आवर घालणारा मेंदूचा भाग कपाळाच्या मागे असतो आणि तो सगळ्यात सावकाश, पंचविशीपर्यंत वाढत राहतो. तीन वर्षांच्या मुलीला "हात लावू नको" हे समजतं, पण हात आवरणं तिला दर वेळी जमत नाही. तुमच्याकडे बघून हसते तेव्हाही ती तुमची टिंगल करत नसते. पुष्कळदा ते घाबरलेलं, गोंधळलेलं हसू असतं.

धोका दूर करणं हे मोठ्यांचं काम

मुलीने ऐकलं तरच ती वाचेल, अशी घराची मांडणी नको. आज रात्री एकदा तिच्या उंचीइतकं खाली बसून खोली पाहा. हाताला काय काय लागतं?

जमिनीवरची शेगडी किंवा स्टोव्ह फळीवर, ओट्यावर घ्या. ते जमत नसेल तर शेगडी भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा आणि स्वयंपाक होईपर्यंत मुलीला दुसऱ्या बाजूला कामात गुंतवा. भांड्याची मूठ आतल्या बाजूला वळवा. रॉकेल, फिनेल, ॲसिड कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका; लहान मूल ते पाणी समजून पिते. उंदराचं औषध, आजीच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या उंचावर, झाकून ठेवा. पाणी तापवायचा रॉड लावून बाहेर जाऊ नका. मोरीतली बादली रिकामी करून पालथी घाला, पिंपावर घट्ट झाकण ठेवा. लहान मुलाचं डोकं जड असतं. ते बादलीत वाकलं की तोंडावर पडतं आणि थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं. पोटमाळ्याची शिडी काढून ठेवा. साडीच्या झोळीत मोठ्या मुलीला एकटीला खेळू देऊ नका. पीळ बसून गळ्याला फास लागतो. शेंगदाणे, फुटाणे अख्खे देऊ नका.

भाजलं तर नळाचं किंवा मगाने स्वच्छ साधं पाणी वीस मिनिटं ओता. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. स्वच्छ कापड झाकून दवाखान्यात न्या. रॉकेल किंवा ॲसिड प्यायली असेल तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका; बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा. गाडीसाठी 108 ला फोन करा.

मग शिस्त कशी?

घर सुरक्षित केलं की दिवसातले निम्मे "नको" आपोआप कमी होतात. उरलेले तीन-चार नियम पक्के ठेवा: आगीला हात नाही, मोठ्यांशिवाय रस्त्यावर नाही, कोणाला मारायचं नाही. आई नाही म्हणते आणि आजी हो म्हणते, असं झालं की मूल हट्टाच्या जोरावर वाट काढतं. म्हणून आधी मोठ्यांनी आपसात ठरवा.

लांबून ओरडू नका. जवळ जा, खाली बसा, डोळ्यात बघून एकच गोष्ट थोडक्यात सांगा. "पळू नको" यापेक्षा "माझा हात धर" लवकर समजतं. निवड द्या: "लाल फ्रॉक घालायचा की पिवळा?" ऐकलं की लगेच बोला, "शेगडीपासून लांब बसलीस, शाब्बास." लोळून रडायला लागली तर ती सुरक्षित आहे ना एवढं पाहा आणि शांतपणे आपलं काम करत राहा. रडून मागितलेली वस्तू तेव्हा देऊ नका, नाहीतर रडल्यावर मिळतं हेच ती शिकेल. कोणाला मारलं तर खेळ थांबवून तिला दोन-तीन मिनिटं आपल्याजवळ चटईवर बसवा. कोंडून ठेवू नका. "पोलीस नेईल", "डॉक्टर सुई टोचेल" ही भीतीही घालू नका. अडचणीत तिला याच माणसांकडे जायचं आहे.

भूक आणि अपुरी झोप यांनीही चिडचिड वाढते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप लागते. हातात मोबाईल देऊन गप्प केलेलं मूल मोबाईल काढला की दुप्पट रडतं.

मारल्याने काय होतं?

मार बसला की मूल तेवढ्यापुरतं थांबतं. शिकतं मात्र एवढंच, की आई बघत नसताना करायचं. तीच वेळ सगळ्यात धोक्याची. लहान बाळाला रागाने गदागदा हलवणं तर जिवावर बेतू शकतं. मेंदूत रक्तस्राव होतो. दिवसभर धुणीभांडी, बिगारी करून आलेल्या बाईला राग येणारच, त्यात गुन्हा नाही. राग चढला की मुलीला सुरक्षित जागी बसवा, दारात जाऊन पाणी प्या, शेजारणीला हाक मारा.

मूल हाक मारूनही वळत नसेल, दोन वर्षांची होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर तो हट्ट नसून कमी ऐकू येणंही असू शकतं. अंगणवाडीताईंना सांगा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत मुलांची मोफत तपासणी करतं.

आणि "मुलीच्या जातीला एवढा हट्ट शोभत नाही" हे वाक्य आपल्या घरातून काढून टाकू. उद्या कोणी तिच्या अंगाला नको तसा हात लावला, तर तिला मोठ्याने "नको" म्हणता आलं पाहिजे आणि घरी येऊन आईला सांगता आलं पाहिजे. मार खाण्याची भीती असलेली मुलगी सांगत नाही. तिचं "नाही" मोडू नका. कुठे म्हणायचं ते तिला शिकवा.