मुक्काम लोकलहोस्ट, तालुका जुन्नर

‘जुन्नर’ या नावात अक्षरे किती? पहिलीतले पोर बोटांवर मोजून तीन सांगेल. पीएचपी या संगणकभाषेतल्या ‘स्ट्रलेन’ या मोजणीच्या आज्ञेला विचारले तर ती १८ सांगते, ‘एमबी-स्ट्रलेन’ ६ सांगते. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. आपण उच्चारतो ती अक्षरे तीन. ज, उकार, न, हलन्त, न, र ही युनिकोडची चिन्हे सहा. आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांची जागा घेते, म्हणून अठरा. नारायणगावात मुलांना संगणक शिकवताना मी सुरुवात इथून करतो. आपली भाषा यंत्रात कशी साठते हे एकदा दिसले की मुले हात आखडता घेत नाहीत.

वेबसाइट म्हणजे बंगळुरूत नाहीतर अमेरिकेत असणारी गोष्ट, हा समज आपल्याकडे पक्का आहे. सर्व्हर हे खरे तर कामाचे नाव. मागितलेले पान काढून देणारा प्रोग्राम तो सर्व्हर, आणि तो घरच्या संगणकावरही चालतो. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ लिहिले की १२७.०.०.१ हा पत्ता उघडतो. मागणारा आणि देणारा एकाच पेटीत असतात, त्यामुळे नेट नसले तरी काही अडत नाही. भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यांत रेंज शोधत टेकडीवर चढणाऱ्या मुलांना ही गोष्ट कळणे फार मोलाचे आहे.

असा घरचा सर्व्हर उभारायची तीन मुख्य साधने साधारण एकाच वेळी जन्मली. अपाची सर्व्हर १९९५ चा. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेर्डोर्फ याने आपला बायोडाटा नेटवर कोण पाहते हे कळावे म्हणून छोटी साधने लिहिली आणि ८ जून १९९५ ला ती सर्वांसाठी खुली केली. त्यांतूनच पीएचपी वाढली. मायएसक्यूएल हा डेटाबेसही १९९५ चाच. त्याच्या कर्त्यांपैकी मायकेल विडेनियसने त्याला थोरल्या मुलीचे ‘माय’ हे नाव दिले आणि पुढे त्यातूनच काढलेल्या मारियाडीबीला धाकटीचे. ही सगळी गाठोडी एकत्र बांधून देणारे एक्सॅम्प २००२ मध्ये आले. सगळे फुकट. मराठी विकिपीडियाही पीएचपीत लिहिलेल्या मीडियाविकीवरच चालतो.

बसवताना अडचणी येतात त्या ठरलेल्या. मूल फाइल लिहिते, तिच्यावर दोनदा क्लिक करते आणि ब्राउझरमध्ये कोडच जसेच्या तसे दिसते. फाइल ‘एचटीडॉक्स’ या फोल्डरात ठेवून लोकलहोस्टच्या पत्त्यावरून मागवली, तरच ती अपाचीच्या हातून पीएचपीकडे जाते. नोटपॅड मागे गुपचूप ‘टीएक्सटी’ जोडतो, तेही बघावे लागते.

पोर्ट समजावायला मात्र मी मुलांना नाणेघाटात नेतो. कोकणातून चढणारा माल याच वाटेने जुन्नरला येई आणि तोंडाशी असलेल्या दगडी रांजणात जकात पडे, असे लोक सांगतात. संगणकाला अशा ६५,५३५ वाटा आहेत. अपाची ८० व्या वाटेवर बसतो, मायएसक्यूएल ३३०६ व्या. ८० वर दुसरा कोणी आधीच बसला असेल, तर अपाची सुरूच होत नाही. मग त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ८० चे ८०८० करायचे आणि पत्त्यातही तसेच लिहायचे. त्याच घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात ब्राह्मी अंक कोरले आहेत. आपल्या देशातल्या अंकांच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. ते अंक पाहिल्यावर मुले हिशेबाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

दुसरा पाठ खोडदला. तिथल्या जीएमआरटीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. गोविंद स्वरूप यांनी स्वस्त, हलक्या जाळीच्या तबकड्या उभारून जगातली एक मोठी रेडिओ दुर्बीण आपल्या तालुक्यात आणली. पुढे तबकड्यांकडून येणारे संकेत जुळवण्याचे काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या, लिनक्सवर चालणाऱ्या समूहाकडे आले. विज्ञानदिनी हे पाहून आलेल्या मुलाला ‘आपल्याकडच्या मशीनवर काय होणार?’ असे वाटत नाही.

डेटाबेस शिकवायला आंबेगावचे बघा. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे, आणि कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक वेगळेच. नुसत्या नावावर नोंद शोधली की घोटाळा ठरलेला. म्हणून प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक लागतो. प्रायमरी की म्हणजे काय, हे याहून सोपे कुठले पुस्तक सांगेल? आमचा सरावाचा तक्ता बाळहिरड्याचा असतो : तारीख, वाडी, वजन, दर. आहुपे खोऱ्यातल्या एका मुलीने त्यात आजीची अख्ख्या हंगामाची विक्री भरली. पानावर बेरीज उमटली तेव्हा आजीने ती मोठ्याने वाचून घेतली.

घात दोन गोष्टींनी होतो. भारनियमनाच्या वर्षांत लिहिता लिहिता वीज गेली की मायएसक्यूएलच्या जुन्या साठवण-पद्धतीतली, मायआयसॅमची, टेबले बिघडत. २०१० पासून इनोडीबी ही दुसरी पद्धत आपोआप मिळू लागली आणि हा त्रास बराच कमी झाला. दुसरा घात लिपीचा. मायएसक्यूएल आठव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, ठरवून सांगितले नाही तर लॅटिन-१ धरून चाले. मराठी भरले की प्रश्नचिन्हे साठत आणि ती परत अक्षरे होत नसत. एका संस्थेची सभासदयादी अशी गेलेली मी पाहिली आहे. म्हणून टेबल करतानाच ‘यूटीएफ-८-एमबी-४’ लिहायचे. आणि हा सर्व्हर घरापुरताच ठेवायचा. एक्सॅम्पच्या डेटाबेसला सुरुवातीला पासवर्ड नसतो, बाहेरच्या नेटवर तो उघडा सोडणे धोक्याचे.

युनिकोडआधीच्या फॉन्टांत टाइप केलेली इतिवृत्ते, देणगीदारांच्या याद्या, पाणीवाटपाच्या नोंदी आपल्या गावोगावच्या संस्थांत अजून पडून आहेत. तो फॉन्ट नसला की तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तुमच्या सोसायटीत, देवस्थानात, शाळेत अशा फायली असतील, तर त्या उघडणारा जुना संगणक भंगारात देण्याआधी त्या युनिकोडमध्ये उतरवून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेले मूल हे काम करू शकते. त्याला बसायला खुर्ची द्या.