उतारवयातील घर आणि कर्जाचा मध्यस्थ

सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील मोठे गाव असून, अशा गावांतील निवृत्त शिक्षक, एस.टी.चे चालक-वाहक किंवा साखर कारखान्यातील कामगार यांच्या घरखरेदीचा विचार अनेकदा साठीच्या उंबरठ्यावरच सुरू होतो. नोकरीची वर्षे मुलांच्या शिक्षणात आणि लग्नकार्यात सरतात, वडिलोपार्जित घराच्या वाटण्या होतात, आणि मग गावठाणातील पक्के घर किंवा सोलापुरात जुळे सोलापूर, विजापूर रस्ता या भागातील सदनिका घ्यावी असे ठरते. फंडाची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम पुरत नाही म्हणून कर्जाचा प्रश्न येतो, आणि ‘फाईल मी पास करून देतो’ असे सांगणारा एजंट याच टप्प्यावर घरात येतो. हा मध्यस्थ उपयोगी पडतो हे खरे असले, तरी तो नेमका कोणाचा माणूस आहे, या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असल्याशिवाय त्याचा उपयोग करून घेता येत नाही.

भारतात गृहकर्जाच्या मध्यस्थाला व्यवहारात ‘डीएसए’, म्हणजे डायरेक्ट सेलिंग एजंट, म्हणतात. बँक किंवा गृहवित्त कंपनी त्याच्याशी करार करते, तो ग्राहक आणून देतो, कागदपत्रे गोळा करतो, आणि कर्जाची रक्कम वाटली गेल्यावर त्या रकमेच्या ठरावीक टक्केवारीने त्याला कमिशन मिळते. ब्रिटनमध्ये ३१ ऑक्टोबर २००४ पासून गृहकर्जाचे मध्यस्थ वित्तीय नियामकाच्या कक्षेत आले, तर ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२१ पासून कर्जदाराचे हित स्वतःच्या लाभाच्या वर ठेवण्याचे बंधन कायद्यानेच मध्यस्थावर घातले गेले. भारतात असा स्वतंत्र परवाना आणि असे कायदेशीर बंधन नाही. घर विकून देणाऱ्या एजंटाला महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे, नोंदणी करावी लागते, कर्ज मिळवून देणाऱ्याला ती लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे एजंटाच्या वर्तनाची जबाबदारी त्याला नेमणाऱ्या बँकेवर असते. पण या नियमातूनही हेच स्पष्ट होते की तो बँकेचा प्रतिनिधी असतो, कर्जदाराचा सल्लागार नसतो.

म्हणून कागद कर्जदारानेच वाचावा लागतो; न वाचलेल्या कागदावर सही करण्याचे परिणाम सोलापूर जिल्ह्याने फार पूर्वी भोगले आहेत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले आणि तेथून दख्खनचे दंगे पसरले. त्यानंतर आलेला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. शेतकऱ्याने लिहून द्यायचा दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावा आणि तो संबंधितांना वाचून दाखवला जावा, अशी तरतूद या कायद्यात होती. कर्जाचा करार इंग्रजीत, बारीक टाईपात आणि अनेक पानांचा असतो, तेव्हा ही जुनी तरतूद आजही कालबाह्य वाटत नाही.

उतारवयातील कर्जाचे गणित तरुणाच्या कर्जापेक्षा वेगळे असते, कारण येथे उत्पन्नापेक्षाही मुदत निर्णायक ठरते. कर्जदाराचे वय सत्तर, काही ठिकाणी पंचाहत्तर होईपर्यंत कर्ज फिटले पाहिजे अशी अट बहुतेक संस्था घालतात, त्यामुळे साठाव्या वर्षी कर्ज घेणाऱ्याला साधारण दहा ते पंधरा वर्षांचीच मुदत मिळते. उदाहरणादाखल, १० लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारे ८,९९७ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे ११ लाख ५९ हजार होते. तेच कर्ज १० वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता सुमारे १२,६६८ रुपयांवर जातो, पण व्याज ५ लाख २० हजारांवर थांबते. म्हणजे कमी मुदत एकूण हिशेबात लाभाची असली, तरी दरमहाचा भार पेन्शनच्या मानाने जड होतो. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी शासकीय सेवेत लागलेल्या शिक्षकाला जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन मिळते, तर कारखान्यातील कामगाराला भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतील पेन्शनवर भागवावे लागते, ज्याची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे; त्यामुळे एकाच गल्लीतील दोन निवृत्तांची कर्जपात्रता अगदी वेगळी असू शकते.

ही अडचण सोडवण्यासाठी एजंट सामान्यतः मुलाला सहकर्जदार करण्याचा मार्ग सुचवतो. सहकर्जदार म्हणजे केवळ साक्षीला सही करणारा नव्हे, तर संपूर्ण कर्ज फेडण्यास तितकाच बांधील असणारा कर्जदार होय. त्यामुळे पुढे मुलाला स्वतःच्या घरासाठी कर्ज घ्यायचे झाल्यास हा बोजा त्याच्या पात्रतेतून वजा होतो, आणि हप्ता चुकल्यास त्याच्याही सिबिल गुणांकावर, म्हणजे परतफेडीच्या इतिहासावरून ३०० ते ९०० या पट्ट्यात दिल्या जाणाऱ्या अंकावर, परिणाम होतो. म्हणून घर कोणाच्या नावावर, हप्ता कोणाच्या खात्यातून आणि इतर भावंडांचा त्यावर हक्क काय, हे घरातच आधी बोलून ठरवणे आवश्यक असते. एजंटाचे कमिशन वाटलेल्या रकमेवर अवलंबून असल्याने ‘अजून तीन लाख बसतात’ हे वाक्य त्याच्या तोंडून सहज येते. बसणारी रक्कम आणि झेपणारी रक्कम यांतला फरक मात्र कुटुंबालाच करावा लागतो.

व्याजदराचा प्रकार हा दुसरा कळीचा मुद्दा आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य निर्देशांकाशी, बहुतेक वेळा रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते त्या दराशी, जोडलेली असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेक कर्जदारांचा हप्ता तोच राहिला पण मुदत वाढत गेली, आणि निवृत्तीच्या जवळ पोहोचलेल्यांना ही वाढ सर्वांत अडचणीची ठरली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, याची निवड कर्जदाराला दिली पाहिजे. बदलत्या दराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड आकारता येत नाही, त्यामुळे निवृत्तीची एकरकमी रक्कम नंतर मिळणार असेल तर तिच्यातून कर्ज कमी करण्याचा मार्ग खुला राहतो.

मध्यस्थाचा खरा उपयोग कागदपत्रांच्या कामात होतो. गावठाणातील घराला अनेकदा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा एवढाच आधार असतो, जो करआकारणीची नोंद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. म्हणूनच अशा घरावर कर्ज देण्यास बँका कचरतात. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले, आणि गावातल्या घरावर कर्ज मिळणे सोपे व्हावे हा तिच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. गावठाणाबाहेरील गुंठेवारीच्या प्लॉटचा प्रश्न आणखी अवघड असतो, कारण १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीच्या लहान तुकड्यांच्या खरेदीविक्रीवर निर्बंध घातले असून, बिगरशेती परवानगी आणि मंजूर नकाशा नसेल तर फाईल पुढे सरकत नाही. अनुभवी एजंट ही त्रुटी इसार देण्यापूर्वीच दाखवू शकतो. मात्र कर्ज मंजूर झाले म्हणजे मालकी निर्दोष असा अर्थ होत नाही, म्हणून आपल्या वकिलाकडून सर्च रिपोर्ट, म्हणजे मागील व्यवहारांच्या नोंदींचा तपास, स्वतंत्रपणे करून घेणे योग्य ठरते.

बँकेने कर्ज दिले तरी सर्व पैसे तिच्याकडून मिळत नाहीत. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या कमाल ९० टक्के रक्कम मिळू शकते, आणि घराची किंमत १० लाखांहून अधिक असल्यास मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च त्या मूल्यात धरला जात नाही. त्यावर प्रोसेसिंग फी, वकील व मूल्यांकनकाराची फी आणि कधी कधी एकरकमी हप्त्याचा विमा जोडला जातो. साठीतल्या माणसाला हा विमा महाग पडतो. तो घेतलाच पाहिजे असे कायद्याचे बंधन नाही. हे सारे खर्च एकत्र दाखवणारे ‘मुख्य तथ्य विवरणपत्र’ १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना देणे बंधनकारक असून, ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. त्यातील वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे व्याज आणि शुल्के मिळून पडणारा खरा दर, हाच दोन प्रस्तावांची तुलना करण्याचा विश्वासार्ह आधार आहे. एजंटाने एकाच वेळी पाच-सहा संस्थांकडे अर्ज टाकल्यास तितक्या चौकशा पतनोंदीत उमटतात आणि गुणांक घसरू शकतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

मध्यस्थी कमिशनवरच चालते असे नाही, याचे उदाहरण दक्षिण सोलापूर तालुक्यातच आहे. कुंभारी येथे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची रे नगर वसाहत उभी राहू लागली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांपैकी १५ हजार घरांचे लोकार्पण झाले. विडी आणि यंत्रमाग कामगारांसारख्या, पगारपत्रक नसलेल्या माणसांच्या वतीने तेथे त्यांची स्वतःची संघटना शासनाशी बोलत होती. व्यक्तिगत कर्जात अशी संघटना पाठीशी नसते, आणि म्हणून निदान घरातील एक जाणता माणूस सोबत असणे महत्त्वाचे ठरते.

उतारवयात घेतलेले कर्ज वारसांपर्यंत पोहोचू शकते, ही शक्यताही विचारात घ्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून लागू असलेल्या नियमानुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करणे आणि बोजा उतरवणे आवश्यक असून, संस्थेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते; कर्जदाराचा मृत्यू झाल्यास कागद वारसांना कसे मिळतील, याची पद्धतही संस्थेने ठरवलेली असली पाहिजे. बँकेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि गृहवित्त कंपनीविरुद्धची राष्ट्रीय आवास बँकेकडे करता येते. परंतु तक्रारीची वेळ येण्याआधी काही साध्या गोष्टी पाळता येतात: कोऱ्या अर्जावर सही करू नये, एजंटाला रोख रक्कम देऊ नये, त्याच्या नेमणुकीची खात्री बँकेच्या शाखेत करावी, आणि विवरणपत्र घरी आणून मोठ्याने वाचावे. १८७९ च्या कायद्याने दस्त वाचून दाखवण्याचे काम ग्रामनिबंधकाकडे दिले होते. आज फाईल एजंटाने फिरवली तरी चालेल, ती वाचण्याचे काम मात्र घरच्यांनीच करायला हवे.