रन-फ्लॅट टायरऐवजी सामान्य टायर बसविणे

कारखान्यातून रन-फ्लॅट टायरांसह आलेल्या मोटारगाडीला, ते टायर झिजल्यावर किंवा निकामी झाल्यावर, साधे ट्यूबलेस टायर लावणे म्हणजे रन-फ्लॅट टायरऐवजी सामान्य टायर बसविणे होय. बीएमडब्ल्यू, मिनी आणि काही मर्सिडीज-बेंझ गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. वरवर पाहता हा केवळ टायरचा प्रकार बदलण्याचा विषय वाटतो. प्रत्यक्षात अशा गाड्यांत टायरची बाजूच स्टेपनीचे काम करीत असते. त्यामुळे टायर बदलताना त्या कामाची दुसरी सोय करावी लागते.

रचना

सामान्य टायरमध्ये गाडीचे वजन प्रामुख्याने दाबाखालील हवा पेलते. हवा निघून गेली की टायरच्या बाजू दुमडतात, रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिरडल्या जातात आणि वेग जास्त असल्यास टायरची कड रिमवरून सुटू शकते. रन-फ्लॅट टायरच्या दोन्ही बाजूंच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचा, उष्णता सोसणाऱ्या रबराचा जाड थर असतो. हवा नसतानाही हा थर वजन तोलून धरतो आणि कड रिमवर टिकून राहते. मात्र चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात वाकणाऱ्या या रबरात उष्णता साठत जाते आणि तीच त्याची मर्यादा ठरवते. म्हणूनच हवा गेल्यावर कमाल ताशी ८० किमी वेगाने सुमारे ८० किमी अंतर जाता येईल, अशी मर्यादा उत्पादक सामान्यतः घालून देतात.

टायरवरील खुणा कंपनीगणिक वेगळ्या असतात. ब्रिजस्टोन आरएफटी, मिशेलिन झेडपी, काँटिनेंटल एसएसआर, तर गुडइयर आरओएफ अशी अक्षरे छापते. मोजमाप सारखे असल्याने ही अक्षरे न पाहता टायर मागविल्यास भलताच प्रकार हाती येऊ शकतो.

पार्श्वभूमी

मराठीत रूढ झालेला ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये मोटारीसाठी सुटे चाक तयार केले. हे जादा चाक वाहण्याची गरजच संपवावी, हा रन-फ्लॅट टायरमागील एक हेतू होता. डनलॉप कंपनीचा डेनोव्हो टायर १९७४ पासून मिनी १२७५ जीटी या गाडीसाठी मिळू लागला. त्याला खास रिम लागत असे. १९९७ ची शेव्हरोले कॉर्व्हेट रन-फ्लॅट टायरांसह आणि स्टेपनीविना विकली गेली. पुढे बीएमडब्ल्यूने २००५ साली आलेल्या ३ सिरीजच्या पिढीत हे टायर मोठ्या प्रमाणावर दिले. त्याच पिढीतील एम३ ही वेगवान गाडी मात्र सामान्य टायर व दुरुस्ती संच घेऊन येत असे, ही बाब लक्षणीय आहे.

बदलाची कारणे

कडक बाजूंमुळे रस्त्यावरील सांधे व खड्डे यांचे धक्के आत अधिक जाणवतात. सुरुवातीच्या रन-फ्लॅट टायरांविषयी ही तक्रार सर्वत्र होती. नंतरच्या पिढ्यांत ती बरीच कमी झाली. किंमत सामान्य टायरपेक्षा जास्त असते, वजनही जास्त असते, आणि कडक बाजू रिमवर चढविण्यासाठी साहाय्यक भुजा असलेले यंत्र लागत असल्याने प्रत्येक दुकानात हे काम होत नाही. शिवाय हवेविना चाललेल्या टायरच्या आतील थराची हानी बाहेरून दिसत नाही. अशा टायरचे पंक्चर काढू नये, असे बहुतेक उत्पादक सांगतात. परिणामी एका खिळ्यापायी संपूर्ण टायर टाकून द्यावा लागण्याची वेळ येते.

सामान्य टायरमुळे खड्ड्यांत रिम हमखास वाचते, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. मऊ बाजू लहान धक्के शोषून घेते. पण खोल खड्ड्याच्या काठावर ती रिमखाली चिमटली जाऊन आतील धागे तुटतात आणि बाहेर फुगवटा येतो. असा टायर दुरुस्त करता येत नाही.

बसविताना

रन-फ्लॅट टायरांसाठी बनविलेल्या आजच्या रिमांवर त्याच मापाचे सामान्य टायर सहसा बसतात. उलट दिशेने तसे म्हणता येत नाही: हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा नसलेल्या गाडीला रन-फ्लॅट टायर लावणे धोक्याचे असते. हवा गेल्याचे चालकाला कळतच नाही आणि तो मर्यादेपलीकडे गाडी चालवीत राहतो.

चारही टायर एकाच वेळी बदलणे योग्य. एकाच आसावर एक कडक व एक मऊ टायर असल्यास वळणावर आणि ब्रेक लावताना दोन्ही बाजू वेगळ्या वागतात. मापाबरोबरच भारांक व वेगांकही पाहावा लागतो. उदाहरणार्थ, ‘२२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू’ या खुणेतील ९१ म्हणजे प्रत्येक टायरमागे ६१५ किलो भार आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किमी वेगाची क्षमता. यापेक्षा कमी क्षमतेचा टायर स्वस्त पडला तरी तो पर्याय ठरत नाही. मूळ सस्पेन्शन कडक बाजू गृहीत धरून जुळविलेले असल्याने बदलानंतर स्टिअरिंगचा प्रतिसाद किंचित सैल वाटू शकतो. त्यासाठी सस्पेन्शन बदलण्याची गरज सामान्यतः पडत नाही. टायर बदलल्यानंतर दाबाची यंत्रणा नव्याने जुळवून घ्यावी लागते. चाकांच्या फिरण्याच्या वेगातील फरकावरून अंदाज बांधणाऱ्या यंत्रणेत तर हे विसरून चालत नाही.

पंक्चर झाल्यास

रन-फ्लॅट टायर असलेल्या अनेक गाड्यांच्या डिकीत स्टेपनीचा खळगा, जॅक किंवा पाना यांपैकी काहीही नसते. त्यामुळे सामान्य टायर लावून काहीच सोबत न ठेवणारा चालक पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित होतो. हा धोका द्रुतगती मार्गावर किंवा घाटात, रात्रीच्या वेळी, थांबायला जागा नसताना जाणवतो.

सर्वांत सुटसुटीत सोय म्हणजे छिद्र बुजविणारा द्रव आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या जोडणीवर चालणारा पंप. हा संच रस्त्याला टेकणाऱ्या भागातील लहान छिद्रांपुरताच उपयोगी असतो. बाजू फाटल्यास त्याचा उपयोग होत नाही, आणि द्रवाला मुदतही असते. भारतात २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि असा दुरुस्ती संच असल्यास स्टेपनीचे बंधन नाही.

खराब रस्त्यांवर दूरचा प्रवास करणाऱ्यांसाठी अरुंद स्टेपनी अधिक भरवशाची ठरते, जरी ती डिकीतील बरीच जागा अडवते. तिचा बाहेरील व्यास मूळ चाकाशी जुळणारा असावा आणि तिची रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासता कामा नये. मिश्रधातूच्या रिमचे बोल्ट पोलादी स्टेपनीला लांबीने जुळत नसल्यास वेगळे बोल्ट जॅक व पान्यासोबत ठेवावे लागतात. या चाकावरही वेगमर्यादा सहसा ताशी ८० किमीच असते.