पाण्यात गेलेले कष्ट

मेहनत वाया गेली की आपण म्हणतो, कष्ट पाण्यात गेले. घाटघरला कष्ट मुद्दाम पाण्यात घातले जातात आणि लागतील तेव्हा परत घेतले जातात.

भंडारदऱ्याच्या पलीकडे, अकोले तालुक्याच्या टोकाला हे गाव आहे. इथल्या कोकणकड्यावर उभं राहिलं की जमीन पायाशीच तुटते आणि नजर थेट शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याकडे उतरते. एक तलाव माथ्यावर, दुसरा तळाशी, मध्ये सुमारे ४०० मीटरची उभी उंची. डोंगराच्या पोटात वीजघर. घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प तो हाच. १२५ मेगावॅटचे दोन संच, २००८ पासून चालू.

उदंचन हा शब्द मला फार आवडतो. संस्कृतात उदंचन म्हणजे विहिरीतून पाणी काढायचं भांडं, आपला पोहरा. भरलेला पोहरा शेंदताना दोर तळव्याला काचतो, छाती भरून येते. ती ताकद कुठे गेली? पोहऱ्याने कमावलेल्या उंचीत. दोर हातून सुटला तर रहाट उलटा गरगर फिरतो, आणि मघाची आपलीच ताकद डोळ्यांपुढे मोकळी होते.

घाटघरचा रहाट असाच दोन्हीकडे फिरतो. विजेची मागणी कमी असते तेव्हा यंत्र पंप होऊन खालचं पाणी वर चढवतं. मागणी वाढली की तेच पाणी खाली सुटतं, तेच यंत्र उलटं फिरून टर्बाइन होतं.

खरी किमया उंचीची. साठलेली ऊर्जा म्हणजे वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीतलं पाणी दहा मीटर खाली आणलं, तर एका युनिटच्या जेमतेम चाळिसाव्या भागाइतकी वीज मिळेल. तीच टाकी ४०० मीटरवरून उतरवली, तर जवळजवळ पूर्ण युनिट. दोन्ही संच पूर्ण भाराने चालतात तेव्हा माझ्या हिशेबाने सेकंदाला अशा सत्तरेक टाक्या उतरत असणार. म्हणूनच वरचं धरण बुटकं असूनही चालतं. उंची सह्याद्रीने आयती दिली आहे. खालचं मात्र ८० मीटरहून उंच उभारावं लागलं. रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणं भारतात पहिल्यांदा इथेच झाली.

या व्यवहारात घट आहे. अशा प्रकल्पांत चार युनिट खर्चून साधारण तीन हाती येतात. तरी तो मला मोलाचा वाटतो, कारण सौर वीज दुपारी उतू जाते आणि दिवे लागतात तेव्हा नसते. दुपारचं ऊन संध्याकाळपर्यंत धरून ठेवायला अशी उंच जागा हवीच.

दिवेलागणीला पाणी सुटतं. वरच्या तलावाच्या काठावर मघाच्या पातळीची ओली रेघ उघडी पडते, आणि तेवढ्याच पाण्याने तळातला तलाव वर येऊ लागतो.