मधल्या वर्षांचा खर्च कोणी द्यायचा?

मुलांनो, रासायनिक खतांचा अतिरेक केला की जमिनीचा कस जातो, हे तुम्ही पुस्तकात वाचलंच आहे. मग सगळेच शेतकरी उद्यापासून शेणखत नि गांडूळखत का वापरत नाहीत? त्यांना जमिनीची काळजी नसते का? असते, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असते! अडचण वेगळीच आहे. वही-पेन्सिल घ्या, एक गणित सोडवू या.

समजा, एका काकांच्या एकरभर शेतात १० क्विंटल ज्वारी होते. भाव क्विंटलला ३,००० रुपये. त्यांनी रासायनिक खत-औषध बंद केलं आणि त्या वर्षी ८ क्विंटलच ज्वारी झाली. म्हणजे ६,००० रुपये बुडाले. खत-औषधाचे ३,००० वाचले, पण खुरपणीची मजुरी १,००० ने वाढली. तूट किती? ४,००० रुपये! (आकडे आपल्या गणितापुरतेच, बरं का!)

असं का होतं? जमिनीतले सूक्ष्मजीव नि गांडुळं पुन्हा वाढायला वेळ लागतो. शिवाय 'सेंद्रिय' हे प्रमाणपत्रही लगेच मिळत नाही. हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षे, फळबागांसाठी तीन वर्षे थांबावं लागतं. तोवर माल बिनरसायनाचा, पण भाव मात्र नेहमीचाच. घरखर्च, मुलांची फी, सोसायटीचं कर्ज काही थांबत नाही.

यासाठी केंद्र सरकारने २०१५ साली परंपरागत कृषी विकास योजना सुरू केली. सध्या तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये मिळतात. त्यांतले १५,००० सेंद्रिय खतांसारख्या गोष्टींसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतात. बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणपत्र, विक्री यांवर खर्च होतात. आता भागाकार करा. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. म्हणजे एकरी, दर वर्षी २,००० रुपये. काकांची निम्मी तूट भरली. उरलेली?

सिक्कीम राज्याकडे पाहा. तिथल्या विधानसभेने २००३ साली सेंद्रिय शेतीचा निर्णय घेतला. रासायनिक खतांवरची सवलत हळूहळू कमी केली, शेतकऱ्यांना शिकवलं, प्रमाणपत्रांचा खर्च सरकारने उचलला. जानेवारी २०१६ मध्ये, सुमारे ७५,००० हेक्टर शेतीसह, सिक्कीम संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झालं. मोठं काम! तरीही 'चांगला भाव देणारं गिऱ्हाईक मिळत नाही' अशी तिथल्या अनेक शेतकऱ्यांची तक्रार राहिली. सरकारने कितीही केलं, तरी माल विकत घेणारे शेवटी आपणच ना!

आता शेवटचं गणित, आई-बाबांना शेजारी बसवून करा. काकांचे २,००० रुपये अजून कमी आहेत आणि ज्वारी आहे ८ क्विंटल. किलोमागे किती जास्त दिले, तर तूट भरून निघेल?

अवघे अडीच रुपये! ओळखीतलं कुणी अशी शेती नव्याने करत असेल, तर प्रमाणपत्र मिळण्याआधीच, या मधल्या वर्षांत, त्यांच्याकडून धान्य घ्या. त्यांना खरी गरज तेव्हाच असते.