डोळ्यावरचा न दिसणारा ओरखडा

ऊसतोडणी सुरू झाली की आमच्या सरकारी रुग्णालयात एक तक्रार हमखास येते : ‘डोळ्यात काहीतरी खुपतंय.’ शहादा-तळोद्याच्या फडात किंवा गुजरातेत तोडणीला गेलेल्या मजुराच्या डोळ्याला उसाचे पान लागलेले असते. बॅटरीच्या उजेडात डोळा नुसता लाल दिसतो, जखम दिसत नाही.

अशा वेळी फ्लुरोसिन या रंगाची ओली पट्टी पापणीच्या आत टेकवतात. १८७१ मध्ये आडॉल्फ फॉन बायर यांनी हा रंग तयार केला. बुबुळावरचा पारदर्शक थर शाबूत असेल, तर रंग अश्रूंबरोबर धुऊन जातो. थर खरवडला असेल तेथे मात्र तो मुरतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो.

कारखान्यात यंत्राच्या भागांवरील भेगाही साधारण अशाच शोधतात. स्वच्छ केलेल्या भागावर चमकणारा पातळ द्रव लावतात. केसाएवढ्या भेगेतही तो आपोआप ओढला जातो. हा द्रव तेलकट असला, तरी त्यात साबणासारखा घटक मिसळलेला असल्याने वरचा थर पाण्याने धुता येतो. भाग वाळवून त्यावर पांढरी पूड टाकली की टिपकागदासारखी ती भेगेतला रंग वर ओढते आणि अतिनील दिव्याखाली रेघ उजळते. धुणे मात्र बेतानेच हवे. जास्त धुतले तर उथळ भेगेतला रंगही निघून जातो आणि सदोष भाग चांगला ठरतो. पृष्ठभागापर्यंत न पोचलेली, आतली भेग या पद्धतीने कळत नाही.

यंत्राचा भाग बदलता येतो, डोळ्याचे तसे नाही. मध्यंतरी एक शेतकरी आठ दिवसांनी आले. तोवर त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टिरॉइडचे थेंब घातले होते. ओरखड्यातून शिरलेली बुरशी त्या थेंबांनी फोफावली. उपचारांनी डोळा वाचला, पण बुबुळावर फूल पडले ते कायमचेच. पहिल्याच दिवशी आले असते, तर तपासणीला पाच मिनिटे लागली असती.

म्हणून डोळ्याला पान, काडी, भुसा लागला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. दूध, मध किंवा शेजाऱ्याचे उरलेले थेंब घालू नका. दुखणे, पाणी येणे, अंधुक दिसणे किंवा पांढरा ठिपका यांपैकी काहीही असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दिवसाची मजुरी बुडेल, पण डोळा राहील.