आपली इमारत कोणी आखली?

मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतीचा वास्तुविशारद शोधणं सोपं आहे. ‘आर्ट डेको मुंबई’ या संस्थेच्या संकेतस्थळावर अशा इमारतींच्या नोंदी छायाचित्रांसह मिळतात, ग. बा. म्हात्रे यांचं नाव तिथे पुन्हापुन्हा भेटतं. चार्ल्स कोरियांच्या कामासाठी त्यांच्याच नावाचं फाउंडेशन आहे. भांडुपच्या चार मजली सोसायटीसाठी असा कोणी खपलेला नाही. तिचा माग परवानगीच्या कागदांतूनच काढावा लागतो.

इमारत नवी असेल तर आधी महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचं, संकेतस्थळ उघडा. १ मे २०१७ पासून मोठ्या प्रकल्पांना तिथे नोंदणी सक्तीची झाली. त्याआधी पूर्ण झालेल्या इमारती तिथे शोधण्यात वेळ घालवू नका. मुंबई उपनगरातल्या प्रकल्पांच्या जुन्या नोंदण्यांचे क्रमांक पी५१८०० ने सुरू होतात. प्रकल्पाच्या पानावर विकासकाबरोबर आर्किटेक्ट आणि अभियंत्याची नावं असतात. खरा ऐवज म्हणजे ‘फॉर्म १’. कोणत्या इमारतीचं किती टक्के काम झालं, हे आर्किटेक्ट त्यात सहीनिशी लिहून देतो. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि ती काढताना हा दाखला लागतो.

इथे एक मेख आहे. इमारतीचं रूप एकाने ठरवलेलं असतं आणि महापालिकेत फाइल दुसऱ्याने फिरवलेली असते. पानावरचं नाव बहुधा या दुसऱ्याचं. डिझाइन कोणाचं, हे विकासकाच्या माहितीपत्रकात पाहावं.

नाव मिळालं की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या यादीत ताडून बघा. १९७२च्या कायद्याने तिथे नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. सीए/९८/… अशा क्रमांकातला मधला आकडा नोंदणीचं वर्ष सांगतो, म्हणजे माणूस किती जुना तेही कळतं.

जुन्या इमारतीचं काम चिवट आहे. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर मौजे भांडुप निवडून सीटीएस (नगर भूमापन) क्रमांकाने मालमत्ता पत्रक काढलं, तर मालकाचं नाव कळतं, आर्किटेक्टचं नाही. (कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं सोसायटीच्या नावे हस्तांतरण, झालेलं नसेल तर तिथे अजून जुना जमीनमालकच दिसेल, तो वेगळा ताप.) पण तो सीटीएस क्रमांक टिपून ठेवा. पालिकेच्या पूर्व उपनगरांच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे माहिती अधिकारात मंजूर नकाशा मागताना तो लागतो. अर्जाचं शुल्क १० रुपये. नकाशाच्या कोपऱ्यातल्या सहीखाली सीए क्रमांक नसला तर बुचकळ्यात पडू नका. पालिकेचे परवानाधारक सर्व्हेअरही नकाशे सादर करतात. त्यांची नावं कौन्सिलच्या यादीत मिळणार नाहीत.

पुनर्विकासाच्या सभा आता भांडुपमध्ये गल्लोगल्ली भरतात. सोसायटीच्या कपाटात मूळ मंजूर नकाशा पडलेला असेल, तर इमारत पाडण्याआधी तो स्कॅन करून सगळ्या सभासदांना पाठवून ठेवा.